परक्याचे स्थान: ज्यू न्यायपरंपरेतील एक जुना वाद

ज्यू धर्म परक्या माणसाला समान मानतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे बहुतेकजण तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राची पहिली पाच पुस्तके, उघडतात आणि आपल्याला हवे तेवढे वचन उचलून परततात. बाजू घेणारा त्यातल्या लेवीय या ग्रंथाच्या 19 व्या अध्यायातले 34 वे वचन दाखवतो: तुमच्यात राहणाऱ्या परक्याला तुमच्यातलाच समजा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. विरोधक त्याच ग्रंथाच्या 25 व्या अध्यायावर बोट ठेवतो. तिथे इस्राएली बांधवाला गुलामासारखे राबवू नका असे सांगितले आहे, पण भोवतालच्या राष्ट्रांतून विकत घेतलेले गुलाम मुलाबाळांना वारशाने देण्यास मुभा आहे. अनुवाद या ग्रंथात भावाकडून व्याज घेण्यास बंदी आहे, परक्याकडून घेण्यास नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणून वचनांची बेरीज-वजाबाकी मांडण्यापेक्षा, ही परस्परविरोधी वचने हाती असताना रब्बींनी, म्हणजे या परंपरेच्या न्यायपंडितांनी, त्यांचे काय केले हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. या परंपरेत समता एकदा जाहीर करून मोकळे होता आले नाही. ती प्रकरणागणिक वाद घालून मिळवावी लागली, आणि मिळवलेली पुन्हा गमावलीही गेली.

परक्याला छळू नका ही ताकीद तोरात किती वेळा आली आहे, याचा हिशेब तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या वादचर्चांच्या संग्रहात, सापडतो. रब्बी एलिएझर 36 वेळा म्हणतात. 46 वेळा, असेही एक मत तिथेच नोंदवलेले आहे. या ताकिदीमागचे कारण जवळजवळ दरवेळी मिसरमधल्या गुलामगिरीची आठवण हेच दिलेले असते. छळ सोसलेला माणूस आपोआप दयाळू होतो असे मात्र अनुभव सांगत नाही. सासुरवास सोसलेली सून पुढे कशी सासू होते, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच ताकीद इतक्या वेळा द्यावी लागली असावी. पुढे रब्बींनी यातल्या बऱ्याच वचनांतला परका म्हणजे ज्यू धर्म स्वीकारून आलेला माणूस, असा अर्थ लावला. त्यामुळे धर्मांतरिताला पूर्ण संरक्षण मिळाले, पण धर्माबाहेरच्या शेजाऱ्याचे संरक्षण पातळ झाले. हा संकोच होता, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

बाहेरच्या शेजाऱ्यासाठी मग दुसरी वाट काढली गेली. ज्यू गरिबांबरोबर परधर्मीय गरिबांनाही अन्न द्यावे, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करावी, त्यांच्या मृतांना माती द्यावी, आणि हे सारे शांततेसाठी करावे, असा नियम तल्मूदमध्ये आहे. शांततेसाठी म्हणजे केवळ तंटा टाळण्यासाठी, की त्याहून अधिक काही? बाराव्या शतकात मोझेस मायमोनिडीझ यांनी आपल्या धर्मसंहितेत हा नियम देताना शेजारी स्तोत्रसंहितेतले वचन ठेवले: परमेश्वर सर्वांना चांगला आहे आणि त्याची करुणा त्याच्या साऱ्या निर्मितीवर आहे. शेजारधर्माच्या सोयीला त्यांनी ईश्वराच्या स्वभावाचा आधार दिला. गुलामांच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. परक्या गुलामाला कठोरपणे राबवण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे ते प्रामाणिकपणे सांगतात. आणि लगेच पुढे म्हणतात की सुज्ञ माणसाने तसे करू नये, आपण खातो ते सर्व त्याला खाऊ घालावे, त्याच्यावर ओरडू नये. ज्याने मला गर्भात घडवले त्यानेच त्यालाही घडवले नाही काय, हा ईयोबाचा प्रश्न ते इथे आणतात. कायदा जिथे थांबतो तिथून पुढे सद्वर्तनाची हद्द सुरू करण्याची ही रीत आहे. तिच्यामुळे माणूस सुधारतो, कायदा आहे तसाच राहतो, ही तिची मर्यादा.

कायद्याच्या आतूनच वाट काढण्याचा प्रयत्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा उत्तम नमुना मिश्नाच्या, म्हणजे तल्मूदचा पाया असलेल्या रब्बींच्या नियमसंग्रहाच्या, यादायिम या प्रकरणात आहे. यहूदा नावाचा अम्मोनी वंशाचा धर्मांतरित अभ्यासगृहात येतो आणि उभ्या उभ्या विचारतो: मला तुमच्या मंडळीत प्रवेश आहे का, म्हणजे तुमच्यात विवाह करता येईल का? रब्बान गम्लिएल म्हणतात, नाही. त्यांच्या हातात अनुवादाचे स्पष्ट वचन आहे: अम्मोनी किंवा मवाबी दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा मंडळीत येता कामा नये. रब्बी यहोशुआ म्हणतात, आहे. ते विचारतात, अम्मोनी आणि मवाबी अजून आपल्या जागी राहिले आहेत का? अश्शूरचा राजा सन्हेरीब येऊन गेला आणि त्याने सारी राष्ट्रे एकमेकांत मिसळून टाकली. गम्लिएल यिर्मयाचे वचन पुढे करतात, की अम्मोन्यांना मी परत आणीन असे देवाने म्हटले आहे, तेव्हा ते परतलेही असतील. यहोशुआ उत्तर देतात की माझ्या इस्राएल लोकांना परत आणीन असेही त्याने म्हटले आहे, आणि ते कुठे परतले आहेत? यहूदाला प्रवेश मिळाला. वचन रद्द झाले नाही, त्याच्या अधिकाराला कोणी हातही लावला नाही. फक्त ते लागू करता येईल असा शुद्ध वंशाचा अम्मोनी जगात कोणी ओळखूच शकत नाही, एवढे सिद्ध झाले. वंशशुद्धीच्या दाव्याला इतिहासाने दिलेले इतके थेट उत्तर प्राचीन धर्मवाङ्मयात क्वचितच सापडावे. त्याच मवाबातली रूथ दावीद राजाची पणजी होती, ही अडचणही रब्बींना सतावत होतीच; बंदी पुरुषांना आहे, स्त्रियांना नाही, असे म्हणून त्यांनी तीही सोडवली.

मानवमात्राच्या समतेचे जे वाक्य सर्वाधिक उद्धृत होते, तेही न्यायालयातलेच आहे. मृत्युदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना दम भरताना सांगत की आदाम एकटा निर्माण केला गेला, म्हणून एक जीव नष्ट करणाऱ्याने अवघे जग नष्ट केल्यासारखे आहे. आणि तो एकटा निर्माण केला गेला, तो माझा बाप तुझ्या बापापेक्षा थोर असे कोणी कोणाला म्हणू नये यासाठीही. माणूस एका साच्यातून अनेक नाणी पाडतो आणि ती सारखीच निघतात. देवाने सारी माणसे आदामच्या साच्यातून काढली, तरी एकही दुसऱ्यासारखा नाही. मिश्नाच्या प्रचलित छापील आवृत्त्यांत इथे ‘इस्राएलचा एक जीव’ असा पाठ आढळतो. बुडापेस्टमध्ये जपलेल्या काउफमन हस्तलिखितात ‘इस्राएलचा’ हा शब्द नाही. आदामचा दाखला इस्राएलपुरता मर्यादित करणे तर्कातही बसत नाही, म्हणून व्यापक पाठ मूळचा असावा असे मी मानतो. पण कोणाला तरी तो शब्द घालावासा वाटला, आणि त्यानंतर तो वाचणाऱ्यांना खटकला नाही, हेही या इतिहासातच जमा धरले पाहिजे.

आत आलेल्याचे स्थान तरी पक्के होते का? ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने मायमोनिडीझ यांना विचारले होते की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे मी म्हणू शकतो का. त्यांनी कळवले की एकही शब्द बदलू नकोस. आमचे कूळ अब्राहाम, इसहाक आणि याकोबापर्यंत जाते, तर तुझे ज्याच्या शब्दाने विश्व झाले त्याच्यापर्यंत. त्याच शतकातले कवी यहूदा हालेवी मात्र धर्मांतरित हा जन्माने ज्यू असलेल्याची बरोबरी करू शकत नाही, असे मांडत होते. ही दोन्ही मते आजतागायत शेजारी शेजारी नांदत आहेत.

आता हा वाद आपल्या किनाऱ्यावर येतो. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे वंशज, अशी बेने इस्राएल समाजाची स्वतःविषयीची परंपरा आहे. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. याच समाजाने आपल्यातल्या काहींना काळा इस्राएल ठरवून त्यांच्याशी बेटीव्यवहार बंद ठेवला होता. कोचीच्या परदेशी ज्यूंनी तर मुक्त गुलामांच्या वंशजांना सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, बरोबरीचा हक्क नाकारला. धर्मशास्त्र खरे म्हणजे या वंशजांच्याच बाजूने होते, कारण रीतसर मुक्त झालेला गुलाम पूर्ण ज्यू ठरतो. आडवी आली ती रूढी. त्यांच्यातलेच वकील अब्राहाम बराक सालेम यांनी गांधीजींच्या मार्गाने सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला.

इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांची गाठ या प्रश्नाशी वेगळ्या रूपात पडली. तिथे 1953 च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या अखत्यारीत आहेत. कोकणात शतकानुशतके घटस्फोट आणि विधवेचा पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले नसतील, तेव्हा वंशात दोष आला असेल, अशी शंका काही रब्बींनी काढली. मुख्य रब्बीमंडळाने 1961 मध्ये या समाजाशी विवाह करण्यास मनाई नाही असा निर्णय दिला, पण 1962 मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींना वर-वधूंच्या मागच्या पिढ्या शक्य तितक्या दूरवर तपासण्याची सूचनाही दिली. रब्बी यहोशुआंचा युक्तिवाद ग्रंथांत उपलब्ध होता. या सूचनेत त्याचा मागमूस नव्हता. बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. ऑगस्ट 1964 मध्ये लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत. त्यानंतर रब्बीमंडळाने सूचनेतून बेने इस्राएल हे नाव काढले आणि त्याजागी ज्याच्या कुलाविषयी शंका असेल असा कोणीही, अशी शब्दरचना घातली. शंका कोणाविषयी घ्यायची, हे ठरवणारी खुर्ची मात्र पूर्वी होती तिथेच राहिली.