रोजच्या वाटणीत कोण राहून जातं?

(पुण्यातल्या निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, स्वयंसेवकांसमोर पूरमदतीविषयी पावसाळ्याआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण तो बहुतेक वेळा पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या निमित्ताने वाचला जातो. आज त्याच्या पहिल्या ओळींकडे पाहू. यरुशलेमच्या मंडळीत कुरकुर सुरू झाली, आणि ती अन्नवाटपावरून होती. ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या विधवा रोजच्या वाटणीत राहून जात होत्या. अन्न होतं, वाटणारेही होते, आणि त्या बायका कुणाच्या नजरेत येत नव्हत्या. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, निकनोर, तीमोन... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या घरची माणसं राहून जात होती, वाटणीचं काम त्यांच्याच हाती दिलेलं दिसतं.

पुरात मदत करणाऱ्या आपल्या गटांची अडचण नेमकी हीच आहे. तांदूळ कमी पडत नाही. यादी कमी पडते.

पुण्याला पूर नवा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते घराघरात माहीत आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसं नेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की आधी भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्यानंतर नदीकाठच्या वस्त्यांनी सामान वर चढवायला सुरुवात करायची असते. पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता, बोपोडी, पुलाची वाडी ही नावं दर पावसाळ्यात कानावर येतात. म्हणजे पाणी कुठे येणार हे साधारण ठाऊक असतं. मग यादी पाणी आल्यावर का करायची? ती मे महिन्यात करा.

यादी करायला दोघांनी जायचं, त्यात शक्यतो एक बाई असावी. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीत घरभेटीला जोडीने जाण्याची पद्धत आजही पाळतात, आणि त्यामागचा अनुभव शहाणा आहे. एक जण बोलतो, दुसरा पाहतो. उंबऱ्यावरूनच घर दिसतं: औषधाच्या पट्ट्या कुठे लटकतात, म्हातारं माणूस खाटेवर आहे की जमिनीवर, चूल एक आहे की दोन. प्रश्न थोडे ठेवा. घरात माणसं किती, दोन वर्षांखालचं मूल आहे का, गरोदर बाई आहे का, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, रोजची गोळी कोणती, रात्रपाळीला कोण जातं, रेशनकार्ड इथलं आहे की गावचं. जात आणि धर्म विचारू नका. वाटणीला त्याचा काही उपयोग नाही, आणि विचारलं की समोरचा माणूस सावध होतो. ही कागदं वस्तीतल्या इतरांना दाखवायची नाहीत, ग्रुपवर टाकायची तर नाहीतच.

सगळ्यात जास्त राहून जातात ते भाडेकरू. घरमालक सांगतो, 'आमची पाच माणसं,' आणि वरच्या पत्र्याच्या खोलीतली बिहारची चार पोरं मोजली जात नाहीत. म्हणून नियम असा: एक चूल, एक कुपन. दार एक असलं तरी चुली तीन असतील तर कुपनं तीन. त्यानंतर राहतात ते रात्रीचे वॉचमन, जे वाटपाच्या वेळी झोपलेले असतात. भल्या पहाटे बाहेर पडणाऱ्या कचरावेचक बायका. गल्लीच्या टोकाला राहणारे तृतीयपंथी, ज्यांना रांगेत टोमणे ऐकावे लागतात म्हणून ते रांगेतच येत नाहीत. आणि ज्यांचं नगरसेवकाच्या माणसाशी वाकडं आहे ते. हा शेवटचा प्रकार सर्वांत अवघड. वस्तीतल्या एकाच 'कार्यकर्त्याच्या' हातात यादी दिली की त्याच्या मर्जीतली घरं दोनदा येतात. म्हणून वस्तीतलीच किमान चार माणसं घ्या, वेगवेगळ्या गल्ल्यांतली, त्यात एक भाडेकरू, एक एकटी राहणारी बाई. सात ग्रीक नावांचा अर्थ पुण्यात असा लागतो.

कुपन टेम्पोजवळ वाटायचं नाही. आदल्या संध्याकाळी सात ते नऊ, लोक कामावरून परतल्यावर, दारात नेऊन द्यायचं. त्यावर घराचा क्रमांक, वाटपाची वेळ आणि एक फोन नंबर. शंभर घरं असतील तर पंचवीस-पंचवीसच्या चार वेळा द्या, अर्ध्या तासाच्या अंतराने. टेम्पो आला आणि मग कुपन वाटलं, तर धावू शकणाराच पुढे येतो, आणि मदतीची गरज नेमकी न धावू शकणाऱ्याला असते.

आता अन्नाकडे येऊ. पहिले तीन दिवस कोरडं रेशन देऊ नका. सिलिंडर चिखलात आहे, शेगडी भिजली आहे, भांडी वाहून गेली आहेत. त्या घरात पाच किलो पीठ दिलं तर चौथ्या दिवशी त्याला बुरशी येते. आधी शिजवलेलं अन्न द्या. शंभर माणसांच्या मूगखिचडीला ८ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, सव्वा लिटर तेल, ४०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम हळद, आणि पाणी चाळीस लिटरच्या आसपास. त्यातलं पाच-सहा लिटर वेगळं उकळून बाजूला ठेवा, कारण खिचडी आळते आणि नंतर गार पाणी ओतलं की ती बिघडते. ऐंशी लिटरच्या एका टोपापेक्षा पन्नास लिटरचे दोन बरे. मोठ्या टोपात मधोमध आच लागते, तळ करपतो आणि कडेचा दाणा कच्चा राहतो. बटाटा, ओलं खोबरं, दही घालू नका, ते लवकर आंबतं. शिजल्यापासून चार तासांत पोटात गेली पाहिजे. कोमट भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही, म्हणून उरलेली खिचडी संध्याकाळी तापवून वाटणं हा उपद्रव आहे. गरम अन्न पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. लोकांना डबे आणायला सांगा, आणि ज्यांचे डबेही वाहून गेले त्यांच्यासाठी चाळीस-पन्नास स्टीलचे डबे हॉलमध्ये ठेवा.

दुपारी तीन ठिकाणांहून खिचडी येते आणि रात्री कुणीच येत नाही, हे दर पुरात होतं. त्यावर उपाय सोपा आहे, पण तो पाणी यायच्या आधी करावा लागतो. महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, तिथलं गणेश मंडळ, मशिदीचे विश्वस्त, गुरुद्वाऱ्यातली लंगर करणारी मंडळी यांच्याबरोबर एकदा बसा आणि वेळा वाटून घ्या. आपण रात्रीचं जेवण मागून घ्यावं असं मी म्हणेन. ते कुणाला नको असतं, फोटोही चांगले येत नाहीत, पण भूक त्याच वेळी लागते. आणि रात्रपाळीवरून सकाळी सातला परतणाऱ्यासाठी काहीतरी टिकणारं राखून ठेवा: चपाती-चटणी किंवा चिवडा.

चौथ्या दिवसापासून कोरडं रेशन. पाच माणसांच्या चुलीला आठवड्यासाठी ५ किलो तांदूळ, ५ किलो पीठ, २ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, १ किलो मीठ, पाव किलो चहा, तिखट, हळद, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. हे पंधरा किलोच्या वर जातं. एकट्या आजीला एवढं ओझं चढणीच्या गल्लीतून नेता येत नाही, म्हणून दोन पिशव्या करा आणि यादीत ज्यांच्यापुढे खूण आहे त्यांच्या घरी पोचवा. तेलाची पिशवी सगळ्यात वर, नाहीतर पीठ आणि साबण दोन्ही वाया. पॅड आणि नवे अंतर्वस्त्र बायकांनी बायकांनाच द्यावेत, वेगळ्या बंद पाकिटात.

दूध पावडर आणि बाटल्या सरसकट वाटू नका. पुरानंतर पाणी घाण असतं आणि बाटली उकळायला आच नसते, अशा वेळी अंगावर पिणारं मूल बाटलीकडे वळवलं तर त्याला जुलाब लागतात. त्या आईला पोटभर जेवण, पाणी आणि बसायला आडोसा द्या.

पाण्याविषयी थोडं. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी चार पदरी सुती कापडाने गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. क्लोरीनची गोळी वापरत असाल तर वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि तीस मिनिटं थांबून मगच प्या. गढूळ पाण्यात टाकलेली गोळी गाळातच खर्ची पडते.

चिखल काढण्याचं काम तरुण संघाचं. फावडी, घमेली, खराटे, गमबूट, जाड रबरी हातमोजे हवेत. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेतलेलं असावं. चिखल ओला असतानाच काढा. दोन दिवसांनी तो सिमेंटसारखा धरतो. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे का, हे कळणाऱ्या माणसाकडून पाहून घ्या. पण फावडं मारण्याआधी दोन कामं आहेत: घरमालकाने प्रत्येक खोलीचा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढायचा, आणि तलाठ्याचा पंचनामा झाला की नाही ते विचारायचं. उत्साहाने घर लख्ख केलं आणि नुकसानीचा पुरावाच कचऱ्यात गेला, असं होतं. भिजलेलं आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक कडक उन्हात टाकू नका. पानांमध्ये कोरा कागद घालून सावलीत वाळवा. चिखलात उतरलेल्या स्वयंसेवकाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याने डॉक्टरला 'पुराच्या पाण्यात काम केलं' हे सांगितलंच पाहिजे. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा आजार लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो.

जुन्या कपड्यांना नाही म्हणायला शिका. जरीच्या साड्या, एकेक मोजा, तुटलेल्या चेनच्या पँटी निवडण्यात दहा माणसांचे दोन दिवस जातात. मागायचं तर नवं मागा: चादर, टॉवेल, सतरंजी.

पैशाचं थोडक्यात. अर्पण दोघांनी मोजायचं, पावती त्याच वेळी द्यायची. परदेशातून कुणी पाठवतो म्हणालं तर थांबा. पाठवणारा परदेशी नागरिक असेल तर ती परकीय देणगी ठरते, आणि त्यासाठी सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. पाठवणारा मूळचा आपल्या पेठेतला असला तरी त्याचा आजचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, ते विचारावं लागतं.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्याबद्दल इथे मतभेद असतील. पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालायची नाही. रांगेत प्रार्थना घ्यायची नाही. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही. गळ्यातल्या ओळखपत्रावर मंडळीचं नाव आणि फोन असावा, तक्रार कुठे करायची हे लोकांना कळावं म्हणून. कुणी स्वतःहून म्हणालं, 'माझ्या मुलासाठी प्रार्थना करा,' तर जरूर करा, त्याच्या घरात, शांतपणे. पण भुकेला माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो-ला प्रभूपुढे काय मोल? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे आपल्याला सांगितलेलं आहे. पिशवी घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येऊ नये, एवढं तरी त्यातून पाळू या. निवाऱ्यात मुलांबरोबर काम करताना नेहमी दोन प्रौढ असावेत. एकट्याने मुलाला कुठे नेऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीत मिटवण्याची ती बाब नाही.

दहाव्या दिवशी आपल्यातले बरेच जण परत आपापल्या कामाला लागलेले असतात. रविवारी चाळीस स्वयंसेवक येतात, बुधवारी दोन. म्हणून वेळापत्रक बुधवारपासून भरायला सुरुवात करा, रविवार आपोआप भरतो. आणि खरी गरज तेव्हाच पुढे येते: शिलाई मशीनमध्ये चिखल गेला आहे, हातगाडी वाहून गेली आहे, पोराचं दप्तर नाही, मधुमेहाची गोळी आठवडाभर चुकली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून विधवा आणि मुलींना आणलं. त्यांना जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. केडगावला शेती, विणकाम आणि छापखाना उभा राहिला. पुणे-दौंड लोहमार्गावरचं ते मुक्ती मिशन आजही सुरू आहे. आपल्या पदरात एवढी ताकद नसेल, पण दहाव्या दिवशी बारा शिलाई मशीनं उघडून, पुसून, तेल घालून देणं जमतं. मेकॅनिकची मजुरी आणि सुटे भाग यासाठी मे महिन्यातच वेगळा निधी काढून ठेवा.

शेवटचं काम वहीचं. वाटपाच्या ठिकाणी एक टेबल, एक खुर्ची आणि तिथे बसलेली, ओरडा शांतपणे ऐकून घेऊ शकणारी एक बाई. 'मला मिळालं नाही' असं म्हणणाऱ्याला तिथे पाठवायचं. वाद घालायचा नाही, नाव लिहायचं, त्याच संध्याकाळी जोडीने जाऊन पाहायचं. काही जण खोटं सांगतील. जातील दहा पिशव्या जास्त. दर संध्याकाळच्या बैठकीत, किती वाटलं हे सांगण्याआधी, ही वही मोठ्याने वाचायची.

सर्वेक्षणाचे कागद बाहेरच्या टेबलावर आहेत. प्रत्येक जोडीने तीस चुली घ्याव्यात, आणि सुरुवात गल्लीच्या शेवटच्या घरापासून करावी.