फाटकावरून आलेलं खोकं

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात लोणच्यासाठी मी चिनी मातीची बरणी ऑनलाइन मागवली. सांगलीत बरण्या मिळत नाहीत असं नाही, पण मोबाईलवर एक देखणी दिसली आणि मोह झाला. दुपारी विश्रामबागेतल्या घरी, मागच्या अंगणात कैऱ्या पुसत बसले होते. पुढून 'काकू, पार्सल!' अशी हाक आली. हात पुसून उठेपर्यंत धप्प! पोरानं खोकं फाटकावरून आत टाकलं होतं. उचललं तर आत खळखळ.

पोरगं तोवर गाडीवरून पसार. गेलं ते बरंच झालं. मी त्याच्याशी तावातावानं भांडले असते, आणि भांडून काही बरणी सांधली जात नाही. पैसे मी त्याला दिले नव्हते, विकणाऱ्याला दिले होते. जाब त्यालाच विचारायचा.

आता माझी चूक सांगते. रागाच्या भरात खोकं टराटरा फाडलं आणि कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न, 'मॅडम, पत्त्याच्या चिठ्ठीसकट खोक्याचा फोटो आहे का?' नशीब, घंटागाडी सकाळी येते! खोकं बाहेर काढलं. एक कोपरा चेपलेला, चिठ्ठी शाबूत. फोटो काढले. तुम्ही मात्र खोकं उघडतानाच मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि निकाल लागेपर्यंत पुठ्ठासुद्धा टाकू नका.

पुढं नेहमीची टोलवाटोलवी. विकणारा म्हणे कुरिअरला विचारा, कुरिअर म्हणे विकणाऱ्याला. मग मी त्या संकेतस्थळावरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमावाच लागतो. त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची. मी मोजून चार ओळी लिहिल्या: ऑर्डर क्रमांक, तारीख, काय घडलं, आणि मला काय हवंय. ही चौथी ओळ आपण हमखास विसरतो. दोन पानं संताप लिहितो, पण पैसे परत हवेत की दुसरी वस्तू, ते लिहीतच नाही. पोरगं नालायक आहे, असंही मी लिहिलं नाही. 'खोकं फाटकावरून टाकलं', एवढंच.

नवव्या दिवशी पैसे जमा झाले. झाले नसते तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर होता. त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळूरची असली तरी आपण सांगलीतच. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

कैऱ्या काही नऊ दिवस थांबणार नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी गणपती पेठेत जाऊन बरणी आणली, टिचकी मारून, आवाज ऐकून.