पत्रे ठोकणाऱ्यांचं कॉलेज

[तळं. मागे डोंगर. पाण्याच्या काठाशी एक लांबलचक इमारत.]

ही बिल्डिंग जरा नीट बघा. खांबांवर उभी आहे, आगबोटीसारखी लांब, आणि बाहेरून चक्क नालीदार सिमेंटचे पत्रे, आपल्याकडे एमआयडीसीतल्या शेडला असतात ना, तसलेच. नाव स्टडीज बिल्डिंग. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात, ॲशव्हिल शहराजवळ लेक ईडन नावाचं तळं आहे, त्याच्या काठावर. आणि हे बांधलं कुणी? कॉलेजच्या पोरापोरींनी आणि त्यांच्या मास्तरांनी. मदतीला काही कसलेले कारागीर होते, पण घाम बहुतेक यांचाच.

[जुने फोटो. फळ्या, हातोडे, मळलेल्या पँटी.]

हे ब्लॅक माउंटन कॉलेज. सुरुवात १९३३. जॉन अँड्र्यू राइस नावाचे एक प्राध्यापक, फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजमधून त्यांना काढून टाकलं, मग त्यांनी काही सहकारी आणि विद्यार्थी घेऊन स्वतःचंच कॉलेज काढलं. वर विश्वस्त मंडळ नाही, कारभार प्राध्यापकच बघणार आणि त्यात पोरांचाही माणूस बसणार. सक्तीचे विषय नाहीत. मार्कांसाठी कुणी झुरत नाही. पदवी हवी असेल तर बाहेरून परीक्षक बोलवायचा, पण तिथपर्यंत पोचलेच फार थोडे, बाकीचे शिकले आणि निघून गेले.

सुरुवातीला जागा भाड्याची, वायएमसीएची. ती उन्हाळ्यात त्यांच्याच कामाला लागायची, म्हणून दरवर्षी सुट्टी लागली की सगळ्या कॉलेजचा बाडबिस्तरा गुंडाळून माळ्यावर टाकायचा आणि परत आल्यावर खाली उतरवायचा. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच! म्हणून १९३७ मध्ये ही तळ्याची जागा घेतली. आधी ग्रोपियस आणि ब्रॉयर या बड्या आर्किटेक्ट लोकांनी डिझाइन केलं, देखणं होतं, पण एवढे पैसे कुठून आणणार. मग लॉरेन्स कोकर यांनी दुसरं काढलं, साधं, शिकाऊ हातांना जमेल असं. मग १९४० आणि ४१ मध्ये क्लास संपवून दुपारी सगळे साइटवर, कविता शिकवणाराही आणि गणित शिकणाराही. आत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची एक छोटी खोली, अभ्यासाला. दार लावून घ्यायचं, बस.

साताऱ्याकडच्यांना हे बघून कर्मवीर आठवतील. मला तरी आठवले. अर्थात रयतच्या मुलाला कमवल्याशिवाय शिकताच येत नव्हतं, इथे प्रश्न तो नव्हता, पण कुदळ धरलेला हात लगेच ओळखू येतो.

[वर्ग. टेबलावर पानं, रंगीत कागद.]

हे योसेफ आल्बर्स. जर्मनीत बाउहाउस नावाची प्रसिद्ध कलाशाळा होती, नाझींच्या दबावामुळे ती १९३३ मध्ये बंद पडली, आल्बर्स तिथले मास्तर. बायको ॲनी ज्यू घराण्यातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघं इथे येऊन पोचले. योसेफना इंग्रजी जेमतेम, आणि शिकवणार काय तर म्हणे डोळे उघडायला. वाळकी पानं, रंगीत कागद असलं काहीबाही समोर ठेवायचं आणि म्हणायचं, बघा. एकच रंग दोन वेगळ्या रंगांवर ठेवला की दोन वेगळे रंग दिसतात, हे कागद कापून स्वतःच्या डोळ्यांनी पटेपर्यंत सुटका नाही.

आणि हा ॲनीबाईंचा हार. क्लोजअप थोडा वेळ राहू द्या. हे लोंबतंय ते सिंकच्या भोकावरची जाळी आणि या पेपर क्लिपा. ॲलेक्झांडर रीड या विद्यार्थ्याबरोबर १९४० च्या सुमारास हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंचे असे दागिने केले त्यांनी. तशा त्या विणकर, माग हे खरं घर. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४९ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं, कापड विणणाऱ्या कुणाचं तिथलं पहिलंच एकल प्रदर्शन.

[तारेची शिल्पं, छताला टांगलेली. सावल्या भिंतीवर.]

ही शिल्पं रूथ असावा हिची (असावा हे आडनाव). आई-वडील जपानी, कॅलिफोर्नियातले शेतकरी. १९४२ मध्ये, ती सोळा वर्षांची, आधी वडिलांना पकडून नेलं आणि मग आई आणि भावंडांबरोबर तिला घोड्यांच्या रेसकोर्सवर तबेल्यात ठेवलं, तिथून आर्कान्सासच्या छावणीत. पुढे मिलवॉकीत शिक्षिकेचा कोर्स केला तर शेवटच्या वर्षी सरावासाठी शाळाच मिळेना, जपानी चेहऱ्यामुळे. मग १९४६ ला इथे आली. कॉलेजच्या लाँड्रीत ड्यूटी होती तिची. कपड्यांवर मारायचा बीएमसी असा रबरी शिक्का असायचा (मुंबईकरांनो, आपली नव्हे), तोच शिक्का कागदावर मारून मारून तिनं ही नक्षी काढली. बघा कशी हलतेय. १९४७ मध्ये मेक्सिकोत तोलुकाला गेली, तिथे गावातले लोक तारेच्या टोपल्या विणायचे, अंडी ठेवायला. ती वीण तिनं उचलली, आणि त्यातून हे.

[निवेदन नाही. फक्त सावल्या.]

हा घुमटाला लटकलेला घोळका १९४९ चा. इथे शिकवायला आलेले डिझायनर बकमिन्स्टर फुलर यांचा प्रयोग. आदल्या वर्षी खिडकीच्या पडद्यांच्या पट्ट्या जोडून केलेला घुमट उठलाच नव्हता, जमिनीवर लोळत पडला. या वर्षी उठला, म्हणून लटकून दाखवतायत! केनेथ स्नेल्सन हा विद्यार्थी त्याच वर्गातला, हवेत तरंगल्यासारख्या दांड्या आणि तारांची शिल्पं त्याची, श्रेय मात्र गुरुजींकडे जास्त गेलं आणि ते त्याला कायम खुपलं.

रॉबर्ट राउशेनबर्गही इथलाच. कचऱ्यातून चित्रं करणारा, आल्बर्सच्या शिस्तीनं वैतागलेला, आणि तरीही तेच माझे सगळ्यात महत्त्वाचे मास्तर म्हणणारा. १९७५ मध्ये तो अहमदाबादला येऊन गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात काम करून गेला. त्याआधी, १९५२ च्या उन्हाळ्यात, कॉलेजच्या जेवणाच्या हॉलमध्ये संगीतकार जॉन केज यांनी एक प्रयोग केला, त्यात नाच, कविता, भाषण, ग्रामोफोन, सगळं एकाच वेळी. मर्स कनिंगहॅम नाचले, आणि राउशेनबर्गची पांढरी चित्रं वर टांगलेली. हजर असलेला प्रत्येकजण वेगळंच सांगतो. चित्रीकरण काहीच नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

१९४४ मध्ये ॲल्मा स्टोन विल्यम्स ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी इथे उन्हाळी वर्गाला आली, तेही वर्णभेदाच्या दक्षिणेत. पुढे मात्र आपसातली भांडणं, आल्बर्स १९४९ ला गेले, कर्ज वाढलं, जमीन विकली, १९५७ ला कॉलेज बंद.

[पुन्हा तळं. खांबांपाशी कॅमेरा.]

आता इथे मुलांचा उन्हाळी कॅम्प भरतो. या खांबांवरची चित्रं झाँ शार्लो यांची, १९४४ ची, ओल्या गिलाव्यावर काढलेली. आणि वर बघा, तेच पत्रे.