मास्तरांचं डावं पॅडल

(सोलापुरात जुन्या सायकलींविषयी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

या टेबलावर एक हब ठेवलाय. मागच्या चाकाचा, तीन गिअरचा, स्टर्मी-आर्चर कंपनीचा. पुढच्या रांगेतल्यांना त्यावर ठोकलेली अक्षरं दिसत असतील: एडब्ल्यू, म्हणजे या हबचं मॉडेल, आणि शेजारी ५१ आणि ७. याचा अर्थ हा १९५१ सालच्या जुलै महिन्यातला, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. मधला गिअर सरळ, चढाला खालचा पाऊणपट, आणि सपाट रस्त्यावर वारा पाठीशी असला की वरचा, एक तृतीयांशाने जास्त. आजही थेंबभर तेल पाजलं की तिन्ही गिअर लागतात.

याची सायकल मात्र आता नाही. ती मी मोडली.

तेव्हा मी तिशीत होतो आणि जुन्या सायकलींचे सुटे भाग घ्यायचो-विकायचो. बुधवार पेठेतल्या एका घरातून निरोप आला. घरातले मास्तर वारले होते, त्यांची रॅले कंपनीची सायकल बोळात उभी होती, वर पोती टाकलेली. २४ इंची फ्रेम, रॉड ब्रेक, ब्रुक्सची चामडी सीट, बंद चेनकव्हर, बगळ्यांची तोंडं कापलेलं चेनव्हील. हब मला माझ्याच सायकलला हवा होता. बाकीचं एकेक करून विकलं. सीट एकाला, चेनव्हील दुसऱ्याला, डायनामो तिसऱ्याला. अख्खी सायकल वीसेक किलोची. ती कोण नेणार, कुठे ठेवणार? सुटा भाग मात्र पार्सलने कुठेही जातो आणि पैसेही जास्त आणतो. या धंद्याचं सगळं गणित एवढंच आहे. फ्रेम शेवटी किलोवर गेली.

त्या सायकलच्या डाव्या पॅडलला सागवानाचा एक ठोकळा होता. दीडेक इंच जाड, दोन बोल्टांनी आवळलेला, बाहेरच्या कडेने झिजून गुळगुळीत झालेला. कंपनीचा नाही, कामाचा नाही, म्हणून मी तो काढला. घरी पाणी तापवायचा बंब होता, त्यात गेला.

पुढे दोन वर्षांनी मास्तरांचे एक विद्यार्थी भेटले. बोलता बोलता म्हणाले, "सरांचा डावा पाय आखूड होता. गल्लीतल्या सुतारानं पॅडलला लाकूड लावून दिलं, तेव्हा कुठे सर सायकल शिकले. नाहीतर शाळेत चालतच यायचे." मग मला आठवलं, सीट पार्सलमध्ये बांधताना तिचं चामडं डाव्या बाजूला जास्त बसलेलं दिसलं होतं. मी गिऱ्हाइकाला त्याबद्दल दहा रुपये सूटही दिली होती.

मंडळी, ते लाकूड, ते एका अंगाला बसलेलं चामडं, आणि कोणत्या तरी चढावर रोज लावला जाणारा हा गिअर, हे तिन्ही एका जागी होते तोवर त्यात एक माणूस होता. वेगळे केले आणि प्रत्येकाची नुसती किंमत उरली. आपण चादरीच्या गावातली माणसं. जकार्डवर विणलेली चादर उसवली तर सूत हाती येतं, मोर येत नाही. सुताचं वजन तेवढंच भरतं, तरीही.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे: जी सायकल आजवर एकत्र राहिली, तिला आपण मोडायचं नाही. आणि 'मूळची' म्हणजे फक्त कारखान्यातून आली तशी, असं मी मानत नाही. सुताराचा ठोकळाही तिचाच.

आता सायकलवाले मित्र इथे बसलेत, ते म्हणतील, मग दुरुस्ती कशी करायची? खरं आहे. रॅलेचंच बघा. पॅडलच्या दांड्यांचा आस फ्रेमच्या ज्या नळीत फिरतो, तिला बीबी म्हणतात; छर्ऱ्यांचे कप तिच्यात आट्यांवर बसतात. बाकी ब्रिटिश सायकलींच्या बीबीला इंचाला २४ आटे, रॅले मात्र २६ आटे ठेवायची. हँडलच्या वरच्या कपांचंही तेच. त्यामुळे बाजारातला साधा कप तिथे बसत नाही. घाईतला मिस्त्री पाना लावून जोर देतो, दोन फेरे कप आत गेल्यासारखा वाटतो, आणि त्या नळीचे आटे कायमचे जातात. असा कप दुसऱ्या रॅलेतूनच मिळतो. म्हणजे कुठली तरी सायकल मोडल्याशिवाय दुसरी उभी राहत नाही, हे मी नाकारत नाही.

पण कुठली मोडायची? जिची फ्रेम चिरली आहे, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला आहे, चाकं आधीच गेली आहेत, तिचे भाग जरूर घ्या. माझ्याकडे अशा चार फ्रेम आहेत, त्यांच्यावरच माझी दुरुस्ती चालते. अख्खी, रंग उडालेली, गंजलेली, पण सगळं जागेवर असलेली सायकल फक्त एका सीटसाठी मोडायची, याला मात्र माझा विरोध आहे. रंग उडणं म्हणजे मोडणं नव्हे. नवा रंग मारून, क्रोम चढवून तिला लग्नातल्या घोड्यासारखी सजवणं हेही मला बरं वाटत नाही. हाताने मारलेले सोनेरी पट्टे एकदा घासले की गेले. साबणाच्या पाण्याने पुसा, तेलाचा बोळा फिरवा, आणि थांबा.

नवीन येणार नाहीत म्हणूनही हे सांगतो. नॉटिंगहॅममधलं रॅलेचं सायकली बनवणं २००२ मध्ये थांबलं. स्टर्मी-आर्चर त्याआधीच, २००० साली, तैवानच्या कंपनीकडे गेली. आपल्याकडे सोनिपतची ॲटलस १९५१ मध्ये सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला. आपल्याकडे एक सोय मात्र अजून आहे: २८ दीडचे टायर-ट्यूब आजही साध्या दुकानात मिळतात. जुनी सायकल चालती ठेवायला यापेक्षा मोठी मदत नाही.

आणि मोडायचीच वेळ आली, तर घाई नको. क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, कॉटर पिन (दांडा आसाला घट्ट धरणारी पाचर) काढताना बहुतेक जण सरळ हातोडा घालतात. पिनेचं डोकं पसरतं, मग ती ना आत ना बाहेर. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल ठेवा, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्या आणि एकच ठाम घाव घाला. टेकू नसला तर तो घाव छर्ऱ्यांवर जातो. त्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, फ्रेमचा नंबर लिहा, ती कुणाची होती हे घरच्यांना विचारा. मी त्या मास्तरांच्या सायकलचा नंबर लिहिला नाही. आज कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे हा एक हब आहे.

पुण्यात कर्वेनगरला सायकलींचं एक संग्रहालय आहे, वेळ काढून बघून या. पण संग्रहालयात मावतील किती? उरलेल्या आपल्या बोळात, माळ्यावर, गोठ्यात आहेत. खंडेनवमीला आपण त्यांना हार घालतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला हाक मारतो.

ही मागे उभी आहे ती हर्क्युलिस. अशोक चौकाकडच्या एका विणकराची. तिच्या कॅरिअरला त्यांनी दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या जोडून तो रुंद केलाय, चादरींचे गठ्ठे बसावेत म्हणून. दोघांनी मला तिच्या चेनव्हीलसाठी चांगले पैसे देऊ केले, आणि एकाने तो कॅरिअर काढून 'मूळचा' लावून द्यायचीही तयारी दाखवली. मी तिला फक्त तेल दिलंय आणि टायर बदललेत. डावीकडच्या पट्टीच्या दुसऱ्या नटाखाली लाल सुताचा एक तुकडा अडकलेला आहे. आता जवळ येऊन बघा, पॅडल उलटं फिरवून ऐका. तो धागा मात्र ओढू नका.