इंटरवलनंतर पिक्चर पडला, म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, संयोजकांनी मघाशी विचारलं, "सिनेमाचे अभ्यासक अशी ओळख करून देऊ का?" मी हात जोडले. मी इथं सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं हिशेब लिहिले. सिनेमाशी माझं नातं तिकिटाचं. अभ्यासक म्हटलं की लोक खुर्चीत मागे सरकून बसतात आणि मला तर तुमच्याशी भांडायचंय.

रात्रीचा शो सुटल्यावर गाडी काढायला जावं, तर स्टँडवरचा पोरगा टोकन घेता घेता विचारतो, "कसा हाय पिक्चर?" आपण हेल्मेट चढवत म्हणतो, "एकदा बघायसारखा हाय." झालं. अडीच-तीन तास अंधारात बसून आलेला माणूस तीन शब्द बोलतो आणि किक मारतो. आपल्याकडे असले निकाल मोजून चार: एकदा बघायसारखा, पैसा वसूल, डोक्याला ताप, आणि चौथा सगळ्यात लाडका, इंटरवलनंतर पडला.

हा चौथा मला कायम छळत आलाय. पडला म्हणजे काय झालं? कुठून पडला? तुम्ही त्या वेळी काय करत होता?

आमचं सहा-सात जणांचं टोळकं आहे. आठवड्यात जो पिक्चर पाहिला असेल त्यावर रविवारी सकाळी नवी पेठेत चहावर बसतो. त्यात एक पूर्व भागातले मास्तर आहेत, घरात तेलुगू, शाळेत मराठी. एक वहिनी आहेत, नर्स होत्या. एक जण कुठलाही पिक्चर बघून "कॅमेरा छान होता" एवढंच म्हणतो, त्याला आम्ही सहन करतो. आणि एक म्हातारबुवा आहेत, आयुष्यभर टॉकीजमध्ये डोअरकीपर. त्यांच्याकडे शेवटी येतो.

2016च्या एप्रिलअखेर 'सैराट' लागला. तुम्हाला सांगायला नको, जिल्ह्याला वेड लागलं होतं. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. आमच्यातल्या एकानं तर अख्खा पिक्चर "ते बघ, आपल्या पाव्हण्यांच्या उसाकडंचा रस्ता" असं म्हणत पाहिला. त्याला प्रेमकथा कळली की नाही, देव जाणे. हे मी हसण्यावारी सांगतोय, पण आपल्या मातीतला पिक्चर असला की आपलं मत आधीच निम्मं ठरलेलं असतं, हे कबूल करायला हवं.

तर त्या रविवारी मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "पहिला भाग एक नंबर. इंटरवलनंतर पडला." सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी कप खाली ठेवून म्हणाल्या, "पडला कुठं भाऊजी? संसार सुरू झाला. तुम्हाला संसार बोअर होतो, त्याला पिक्चर काय करणार?"

मी गप्प. पण घोळत राहिलं. चारही गाणी पहिल्या भागात होऊन जातात. 'झिंगाट'ला थिएटरात लोक खुर्च्या सोडून नाचले. मग आर्ची आणि परश्या, ती दोघं गावातून पळून हैदराबादला जातात आणि गाणीच संपतात. तो डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात जाते. संशय, मारलेली चापट, निघून जाणं, परत येणं. ज्या पोरीनं गावात बुलेट फिरवली तिला तिथली भाषा येत नाही. आम्ही म्हणत होतो वेग गेला. अहो, वेग त्यांच्या आयुष्यातून गेला होता! पिक्चर तेच दाखवत होता आणि मी खुर्चीत बसून गाण्याची वाट बघत होतो.

मग मास्तर बोलले. ते म्हणाले, "मला तर इंटरवलनंतरच जास्त आवडला. तिथं आजूबाजूला तेलुगू सुरू झालं, तुम्ही सगळे बावचळला आणि मी घरी आल्यासारखा बसलो." थिएटर तेच, शो तोच, रांगही तीच. आर्ची परक्या मुलखात गेली तेव्हा मी तिच्यासोबत परका झालो आणि मास्तर यजमान झाले. आता सांगा, पिक्चर पडला का?

त्या दिवशी नियम झाला. पहिला चहा संपेपर्यंत निकाल द्यायचा नाही. आधी एक जागा सांगायची: इथं धरलं मला, किंवा इथं सोडलं. चादर घेताना गिऱ्हाईक काय करतं? उलटी करून बघतं, बोटानं दाखवतं, "हा धागा बघा, सुटलाय." दुकानात कुणी चादरीला पाचपैकी साडेतीन तारे देत नाही. पिक्चरला मात्र आपण बोट न लावताच तारे वाटत सुटतो.

या नियमानं मला एक जुना पिक्चर पुन्हा पाहायला लावला. 'फँड्री' 2014च्या फेब्रुवारीत आला होता. डुक्कर पकडायला जब्या या शाळकरी पोराचं सगळं कुटुंब धावतंय, आता हाती लागणार, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही. आपल्या राज्यात तेव्हा थिएटरात पिक्चरच्या आधी राष्ट्रगीत लागायचंच, त्यामुळे आम्ही एकदा उभे राहून बसलेलो. आता पडद्यातलं राष्ट्रगीत आलं. पुढच्या रांगेतला एक जण उठला. त्याच्या शेजारचा अर्धा उठला, गुडघे वाकलेलेच. मागून कुणी तरी हसलं, आणि ते हसू मधेच तुटलं. मी काय केलं? खुर्चीचा हात धरून बसलो. ना धड उभा, ना धड बसलेला. पडद्यावरचा बाप तसाच अडकला होता, आणि पडद्याबाहेर आम्ही.

हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं काय, तर "छान आहे, पण शेवट अर्धवट." शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो, याला मी अर्धवट म्हणालो होतो. आता लाज वाटते.

पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, शाहू महाराज, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं दिसतात. मला पहिल्या खेपेला ती भिंत दिसलीच नव्हती. आमच्या कॅमेरावाल्याला दिसली होती! पण त्यानं नेहमीप्रमाणे "कॅमेरा छान होता" म्हटलं आणि आम्ही त्याला पुढे बोलू दिलं नाही.

आता थोडं दुसऱ्या टोकाचं. 2022च्या डिसेंबरअखेर रितेश देशमुखांचा 'वेड' आला. तो 2019च्या 'मजिली' या तेलुगू पिक्चरवरून केलेला. इतर गावांत हा मुद्दा नसेल, सोलापुरात आहे. इथं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बघणारी घरं. मास्तरांनी 'मजिली' आधीच पाहिलेला. ते 'वेड' बघून आले आणि यादीच वाचायला लागले, तिथं असं होतं, इथं असं केलं. वहिनींनी मूळ पाहिलाच नव्हता, त्या डोळे पुसत आल्या होत्या. दोघांचं जुंपलं. मास्तर म्हणाले, "नक्कल आहे." वहिनी म्हणाल्या, "माझं रडू नक्कल नव्हतं."

कोण बरोबर? मला विचाराल तर मास्तरांनी 'वेड' पाहिलाच नाही. ते अडीच तास 'मजिली' आठवत बसले होते. मास्तर पुढच्याच रांगेत आहेत, त्यांनी प्रश्नोत्तरांत माझा समाचार घ्यावा.

शेवट फोडणाऱ्यांबद्दल बोलायचं होतं, पण त्यांना दोन शिव्या देण्यापलीकडे माझ्याकडे काही नाही, आणि समोर बायकापोरं बसलीत.

तर डोअरकीपर म्हातारबुवा. या माणसानं आयुष्यात बहुतेक पिक्चर तुकड्यातुकड्यांनी पाहिले, दाराशी उभं राहून, आणि तेही पडद्याकडे कमी, लोकांकडे जास्त. त्यांचं परीक्षण असं: "मारामारीच्या सीनला लोक पाण्याला उठले. मारामारी पडली." किंवा, "आईच्या सीनला पोराला मुतायला घेऊन एकबी बाई बाहेर आली नाही." कधी कुणाला त्यांनी भारी किंवा बेकार म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

त्यांना मी 'सैराट'चं विचारलं होतं. तेव्हा ते नोकरीवर होते. पिक्चर संपत आला की डोअरकीपर आधीच पडदा सारून दार उघडतो, गर्दी तुंबू नये म्हणून. लोकही पाटी पडायच्या आत निम्मे उठलेले असतात. त्यांनी सवयीनं दार उघडलं. आत आवाज बंद झाला होता. ते लहान लेकरू रक्तात भिजलेले पाय टाकत चाललेलं.

म्हातारबुवा म्हणाले, "मला वाटलं मशीन बिघडलं. आत बघितलं तर समदे बसलेले. पिक्चर संपला, तरी कुणी उठंना. बाहेरचा उजेड आत येऊलाला. मग मीच दार हळू लोटून घेतलं."