वेळासच्या किनाऱ्यावर पहाटे पाचला कोण चालतं?

नमस्कार मंडळी! आधी हा फोटो बघा. वाळूवरून ट्रॅक्टर गेलाय असं वाटतंय ना? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलेलं. पण हा माग आहे ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीचा. रात्री ती समुद्रातून वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा उकरते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापटून जागा सारखी करते आणि निघून जाते ती जातेच, पिल्लांचं काय झालं बघायला परत फिरकत नाही. मागे राहतो फक्त हा माग, तोही वारा सुटला की पुसला.

म्हणून आजचा व्हिडिओ पिल्लांपेक्षा जास्त हा माग शोधणाऱ्या माणसांवर आहे. पिल्लं शेवटी आहेत, पण व्हिडिओ पुढे पळवू नका हां!

तर गाव वेळास, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. हो, नाना फडणवीसांचं वेळास तेच. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि मंडळी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या भागात फिरत होती, आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की कासवं इथे येतात आणि अंडी माणसं काढून नेतात, उरलीसुरली कोल्ही-कुत्री उकरतात. कायद्याने या कासवाला वाघाइतकंच संरक्षण आहे, पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा बघायला असतो कोण?

आता मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. माग ओळखायचा, काठी टोचून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघायचं, हे सगळं गावात आधीपासून येतच होतं, फक्त ते वापरलं जायचं अंडी काढायला. म्हणजे नवीन काही शिकवायची गरजच नव्हती, तीच नजर उलट्या कामाला लावायची होती. आज हे काम करणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात.

पहाटे ते अख्खा किनारा चालतात, घरटं सापडलं की अंडी मोजून अलगद हॅचरीत आणतात. हॅचरी म्हणजे काय, तर जाळीचं कुंपण आणि आत मादीने खणलेल्या घरट्याएवढेच खोल, पोटात रुंद खड्डे. अंडी उलटीपालटी करायची नाहीत, कारण काही तासांतच आतला जीव टरफलाला चिकटतो आणि मग हिसका बसला तर संपलं. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण तीस अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त. मग खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि दीडेक महिन्यानंतर पिल्लं वर आली का ते सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघत बसायचं.

2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले, घराघरात राहण्या-जेवणाची सोय झाली आणि गावात चार पैसे आले. काही पाहुणे मात्र 'पिल्लं कधी दाखवणार' म्हणून कुरकुरतात. अहो, पिल्लं काय टाइमटेबल बघून बाहेर येतात का?

ही कासवं पुढे जातात कुठे? 25 जानेवारी 2022 ला वेळासलाच एका मादीला सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठे फिरते ते उपग्रहावरून कळवणारं यंत्र, लावला, नाव ठेवलं प्रथमा. आणि 2025 मध्ये तर गुहागरला अशी एक मादी अंडी घालायला आली जिला 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेला, म्हणजे अख्ख्या भारताला वळसा घालून बाई कोकणात! मी ती बातमी दोनदा वाचली.

बरं, आता कॅमेरा खाली ठेवतोय. फ्लॅश बंद करा, पिल्लं उजेडाकडे चालतात, समुद्राऐवजी तुमच्या मोबाइलकडे यायची. दोरीच्या अलीकडे उभे राहा. टोपली उचलतायत, मी गप्प बसतो.