पत्र जपता, पाकीटही जपा

नमस्कार, श्रोतेहो.

घराचा नकाशा नामंजूर झाला की माणूस आधी चिडतो. मग ओळखीचा कोणी सापडतोय का ते बघतो, नगररचना विभागात चार खेपा घालतो, साहेब रजेवर आहेत हे ऐकून परत येतो. असा महिना सहज जातो. शेवटी तो वकिलाकडे येतो आणि आम्ही विचारतो, पत्र हातात कधी पडलं? पत्र त्याने जपून ठेवलेलं असतं. पाकीट मात्र केव्हाच रद्दीत गेलेलं असतं.

आज बोलायचंय ते या पाकिटाविषयी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४७ प्रमाणे परवानगी नाकारली, किंवा अटी घालून दिली, तर अर्जदाराला राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत ४० दिवसांची. आणि ती मोजायची आदेश तुम्हाला कळवला गेला त्या दिवसापासून. समजा, साहेबांची सही ५ तारखेची आहे आणि पत्र घरी आलं १९ तारखेला. हे मधले १४ दिवस तुमचे आहेत, पण ते सिद्ध करणार कशाने? पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याने. तेव्हा पाकीट पत्रालाच टाचून ठेवा. पत्र कार्यालयात जाऊन घेतलंत, तर पोच देताना सहीखाली तारीख घालायला विसरू नका.

काहींकडे पत्रच नसतं. 'तुमचं काम होणार नाही' असं खिडकीवर तोंडी सांगितलेलं असतं. त्या शब्दांवर अपील होत नाही, ते लेखी आदेशावर होतं. नकाराची कारणं आदेशातच लिहावी लागतात, असं कलम ४५ सांगतं. 'नियमात बसत नाही' एवढं मोघम लिहून पत्र आलं असेल, तर अपिलातला तुमचा पहिला मुद्दा तोच.

याच कलम ४५ मध्ये लोकांची आवडती तरतूद आहे. ६० दिवसांत काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानतात. मला मात्र तिची धास्तीच वाटते. एक तर त्रुटी काढल्या असतील, तर ते ६० दिवस तुमचं उत्तर पोचल्यापासून मोजायचे. आणि बांधकाम नियमांत तंतोतंत बसणारं हवं. बसलं नाही, तर ते अनधिकृत ठरतं, आणि तोवर स्लॅब टाकून झालेला असतो!

अपिलाची सुनावणी शासन किंवा शासनाने नेमलेला, उपसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी घेतो. तुमचंही ऐकतात, नियोजन प्राधिकरणाचंही, म्हणजे ज्या महापालिकेने किंवा संस्थेने तुमचा नकाशा नाकारला तिचंही. अपील फेटाळलं जातं, किंवा परवानगी मिळते, किंवा अटी बदलून मिळतात. तिथे गाऱ्हाणं सांगून उपयोग नाही. आदेशात सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवती मोकळी सोडायची जागा, कमी पडतं असं लिहिलं असेल, तर मोजणी नकाशा, रस्त्याची रुंदी आणि नियमावलीतला नेमका नियम समोर ठेवा. प्रत्येक कारणाला एक उत्तर, आणि उत्तराला एक कागद.

शेजाऱ्याच्या बांधकामाला तुमची हरकत असेल, तर कलम ४७ तुमच्या कामाचं नाही. ते फक्त अर्जदारासाठी आहे. तुम्ही प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यायची. दिलेली परवानगी रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार त्यांना कलम ५१ ने दिलाय. तिथे दाद लागली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. बरेच जण आधी दिवाणी कोर्टाची पायरी चढतात. प्राधिकरणाच्या आदेशाला दाव्यात आव्हान देता येणार नाही, असं कलम १४९ सांगतं, आणि तिथेच गाडी अडते.

अपील द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मागे रांगेतले लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.